मोगऱ्याचं एक कलम

सांगलीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. सासरचं जुनं घर त्यांच्या वाट्याला आलं आहे. मागं-पुढं भरपूर मोकळी जागा आहे, पण सध्या तिथं ‘नुसतं रान माजलंय’. त्यांना तिथं नवी फुलबाग करायची आहे. ‘सुरुवात कशापासून करू?’ असं विचारून त्यांनी खाली लिहिलंय, ‘लवकर कळवा. पावसाळ्याआधी सगळी जागा साफ करून घ्यायची आहे.’

ताई, थांबा. माणूस सांगून ठेवला असेल तर त्याला आज नको म्हणून कळवा आणि आधी माझी गोष्ट वाचा. फुशारकीची नाही. ऐकून तुम्हाला माझा रागच येईल.

आमचं घर बंगळुरात, बसवनगुडीला. मी पुण्याची. लग्न ठरलं तेव्हा ‘बंगळुरात कुठली आलीत मराठी माणसं?’ असं आमच्या मावशीनं विचारलं होतं. 1638 साली शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली, तेव्हापासून इथं मराठी घरं आहेत. त्यांची मराठी पुणेरी कानाला जरा गमतीची वाटते, एवढंच! माझ्या सासूबाईंच्या मराठीत फुलं तर सगळी कन्नडच होती. अबोली म्हणजे कनकांबर, निशिगंध म्हणजे सुगंधराज, सोनचाफा म्हणजे संपिगे आणि मोगरा म्हणजे दुंडु मल्लिगे.

बसवनगुडी आणि मल्लेश्वरम ही दोन्ही उपनगरं 1898 च्या प्लेगच्या सुमारास वसली. जुन्या पेठेतली दाटीवाटीची वस्ती सोडून लोक उजेड-वाऱ्यासाठी इकडे आले, म्हणून इथल्या जुन्या घरांना पुढं अंगण आणि मागं परसू असतंच. आमच्या घरालाही पुढं साधारण सहाशे चौरस फूट अंगण, मागं विहीर. आम्ही दोघं बरीच वर्षं शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅटमध्ये राहत होतो. 2022 च्या नोव्हेंबरात सासूबाई गेल्या. त्याआधीचं वर्षभर त्या अंथरुणालाच होत्या, अंगणाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

घरावर हक्क दोघांचा, माझ्या यजमानांचा आणि हुबळीला असलेल्या माझ्या धाकट्या नणंदेचा. आजूबाजूला अशा वाटण्यांतून भावंडांनी एकमेकांची तोंडं बघणं सोडलेलं मी पाहिलंय. बसवनगुडीतल्या जागेचे भाव काय आहेत ते सांगायला नको. बिल्डरची माणसं दोनदा येऊन गेली होती. आणि आमच्या वन्संनी काय करावं? सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत येऊन हक्कसोडपत्रावर सही केली आणि एक रुपया घेतला नाही. बाहेर आल्यावर रिक्षाची वाट बघताना मला म्हणाल्या, ‘वहिनी, पैशाबियशाचं राहू दे. आईच्या दुंडु मल्लिगेचं एक कलम तेवढं मला करून ठेव. सवडीनं येईन न्यायला.’

मी ‘हो’ म्हटलं. त्यात काय एवढं, असंच वाटलं मला.

2023 च्या जुलैत आम्ही राहायला आलो. माझ्या डोक्यात एका मासिकात पाहिलेलं चित्र होतं. हिरवंगार लॉन, कडेनं ठेंगण्या झुडपांची रेघ, मध्ये दोन वेताच्या खुर्च्या. अंगणात कंबरभर गवत, वाळक्या काटक्या, मधून मधून कसले तरी खुंट. बागकाम करणारा एक ठेकेदार बोलावला. ‘तुळशीवृंदावन आणि संपिगेचं झाड सोडून सगळं साफ करा’ असं सांगून मी बँकेच्या कामाला गेले. संध्याकाळी परत आले तर अंगण तळहातासारखं स्वच्छ! लाल माती वीतभर खणून, चाळून सारखी केलेली. कचरा टेंपोत भरून गेलासुद्धा. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला. चार दिवसांत गवताचे गालिचे अंथरून झाले.

आठवड्यानं वन्संचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, ‘कलम बांधलंस का गं? पावसाळ्यात लवकर धरतं.’

माझ्या पोटात खड्डा पडला. ते खुंट! छाटणी न झालेला, वर्षभर पाण्यावाचून वाळत चाललेला मोगरा कसा दिसतो ते मला ठाऊकच नव्हतं. फुलावेगळा मोगरा मी कधी नीट पाहिलाच नव्हता. ठेकेदाराला फोन केला, तो म्हणाला, टेंपो कुठं रिकामा झाला ते ड्रायव्हरला ठाऊक. त्याला काय बोलणार? सांगितलं ते त्यानं केलं होतं.

पुढं मी जे केलं ते यजमानांनाही सांगितलं नव्हतं. लालबागेच्या पलीकडे सिद्धापुरात रोपवाटिकांची रांगच आहे. तिथून मोगऱ्याचं एक तजेलदार रोप आणलं, मुद्दाम एका जुन्या कुंडीत लावलं आणि पायरीजवळ ठेवून दिलं. मोगरा तो मोगरा, कोण ओळखणार!

नोव्हेंबरात वर्षश्राद्धाला वन्सं आल्या. लॉनकडे पाहून काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी निघताना मी कुंडी पुढं केली. त्यांनी एक फांदी बोटांत धरली, वर-खाली पाहिली. फूल एकही नव्हतं. ‘ही आईची नव्हे,’ म्हणाल्या. ‘हा बटमोगरा आहे. बघ, एका पेराला तीन तीन पानं. आईच्या झाडाला दोन असायची.’ कुंडी पुन्हा पायरीवर ठेवली आणि बॅग उचलून चालू लागल्या. त्यानंतर चार महिने फोन नाही.

आता त्या लॉनचं काय झालं ते ऐका. 2023 चा पावसाळा कर्नाटकात हात आखडूनच पडला. 2024 उजाडलं आणि बंगळुरात पाण्याचा असा ठणठणाट झाला की त्याच्या बातम्या परदेशातही छापून आल्या. आमची बोअर मार्चच्या पहिल्या आठवड्यात हवा फेकायला लागली. त्याच सुमारास पाणीपुरवठा मंडळानं पिण्याचं पाणी बागेला आणि गाड्या धुवायला वापरायला बंदी केली, दंड 5,000 रुपये. योग्यच केलं. उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरमागे रोज निदान चार-पाच लिटर पाणी लागतं. आमच्या सहाशे फुटांना रोजचं अडीचशे लिटर झालं. गल्लीत लोक टँकरची वाट बघत रात्र काढत असताना मी गवताला अडीचशे लिटर पाणी पाजणार होते का? पंधरा दिवसांत गालिचा पिवळा पडला, महिन्यात पोत्यासारखा झाला. एप्रिल अख्खा कोरडा गेला. बंगळुरात एप्रिलच्या वळवाची सवय असलेल्या लोकांना ते किती अशुभ वाटलं असेल, ते इथं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकदाचा पाऊस झाला. फार नाही, पण जमीन भिजली. तीन-चार दिवसांनी सकाळी दार उघडते तर त्या मेलेल्या गवतातून गुलाबी फुलं वर आलेली! पाच, सात... मोजली तर बावीस. ना पान, ना फांदी, नुसत्या दांड्यावर एकेक फूल. पावसाची लिली. तिचे कंद कांद्यासारखे असतात आणि खोल गेलेले असले तर वीतभर खणूनही हाती लागत नाहीत. आणि ती सगळी एका ओळीत होती. फाटकापासून विहिरीपर्यंत. सासूबाईंची पायवाट तिथून जात होती, हे मला त्या दिवशी कळलं.

फाटकाबाहेर शेजारच्या अज्जी उभ्या होत्या. ऐंशी पार केलेल्या, पण देवाला फुलं वेचायला रोज सकाळी परडी घेऊन बाहेर. लिलीकडे बोट करून म्हणाल्या, ‘ही मीच दिली होती तुझ्या सासूला.’ मग मी न विचारता पुढं म्हणाल्या, ‘तिनं मला दुंडु मल्लिगे दिली, मी तिला ही.’

मी फाटकाला धरून उभी राहिले. ‘अज्जी, ती मल्लिगे...’

‘नम्म मनेली इदे,’ अज्जी म्हणाल्या. आमच्याकडे आहे ना.

त्यांच्या न्हाणीघराच्या मागं, भिंतीला टेकून, कमरेएवढं झुडूप होतं. कपडे धुतलेलं पाणी त्याला मिळायचं, म्हणून तो उन्हाळाही त्यानं काढला होता. मी आधी पेरं मोजली. दोन दोन पानं!

त्यानंतरचा महिना मी आमच्या रस्त्यावर घरोघर हिंडले. चहा किती प्याले त्याचा हिशोब नाही. सासूबाईंनी आयुष्यात रोप विकत घेतलं नव्हतं, असं प्रत्येकजण सांगत होतं. मागायचं, द्यायचं, आणि द्यायला मन झालं नाही तर समोरच्यानं गुपचूप फांदी मोडून न्यायची. चोरून आणलेलं झाड चांगलं धरतं अशी समजूत सगळीकडे आहेच. कोपऱ्यावरच्या घरात मे महिन्यात चेंडूसारखं लाल फूल येणारा कंद होता, तो आमच्याकडचा. पलीकडच्या गच्चीवर ब्रह्मकमळ होतं, तेही आमच्याच पानापासून झालेलं. (हे आपलं घरगुती ब्रह्मकमळ म्हणजे हिमालयातलं नव्हे. मेक्सिकोकडचं निवडुंगाच्या जातीचं झाड ते. पण रात्री दहाला ते उमलायला लागलं की शेजारीपाजारी जमवून कॉफी होते, त्याला कोण काय करणार?) अबोलीचं बी तर चार घरांत मिळालं. मी आमचं अंगण खणून टेंपोत घातलं होतं खरं, पण त्यातलं निम्मं अधिक रस्ताभर शाबूत होतं.

मोगऱ्याचं कलम कसं करायचं ते अज्जींनी दाखवलं, ते लिहून ठेवा. जूनमध्ये पाऊस धरला की झुडपाची खालची, पेन्सिलएवढी जाड फांदी निवडायची. वाकवून जमिनीला जिथं टेकेल तिथं एका पेराखालची साल बोटभर खरवडायची. तो भाग कुंडीतल्या मातीत किंवा जमिनीतच दोन इंच पुरायचा, वर दगड ठेवायचा, शेंडा मोकळा सोडायचा. ओल मोडू द्यायची नाही. अडीच-तीन महिन्यांनी हलकंच ओढून बघायचं. फांदी हाताला घट्ट लागली तर मुळं आली. तेव्हा आईच्या बाजूनं कापायची, पण लगेच उचलायची नाही. पंधरा दिवस तिथंच राहू द्यायची. मी तीन फांद्या दाबल्या, दोन धरल्या.

लॉनचं वाळकं गवत उपटून मी ढिगात कुजायला घातलं. पाण्याचं आधी बघितलं, रोपांचं नंतर. बंगळुरात वर्षाला साधारण 970 मिलिमीटर पाऊस पडतो. आमची गच्ची हजार चौरस फुटांची. म्हणजे तिच्यावर वर्षाला 90 हजार लिटर पाणी पडतं, वाया जाणारं सोडलं तरी 70 हजार हाताशी येतं. चाळीस गुणिले साठच्या आणि त्याहून मोठ्या जुन्या घरांनाही पावसाचं पाणी साठवणं किंवा मुरवणं इथं 2009 पासून सक्तीचं आहे. आमच्याकडे पाइप होता, पण तो गटारात सोडलेला! तो वळवून, वाळू-खडीच्या गाळणीतून मागच्या विहिरीत सोडला. जयनगरला पाणीपुरवठा मंडळाचं या विषयाचं एक कायमचं प्रदर्शन आहे. तिथं जाऊन गाळणी पाहून आले आणि मग गवंडी लावला. 2 जून 2024 ला एका दिवसात 111 मिलिमीटर पाऊस झाला, जूनमधला शंभराहून अधिक वर्षांतला विक्रम. शहरात झाडं पडली, रस्ते तुंबले. आमची विहीर मात्र सकाळी आवाज करत होती.

त्या दिवसांत मी लालबागेतही बरीच हिंडले. 240 एकरांची ती बाग कुणा एकाची नाही. 1760 साली हैदर अलीनं सुरू केली, टिपूनं वाढवली, पुढं कॅमेरॉन, क्रुम्बिगल, जवराया, मरीगौडा यांनी आपापल्या काळात तीत भर घातली. यांतला क्रुम्बिगल तर आपल्या ओळखीचा निघाला. हा जर्मन माळी लंडनच्या क्यू बागेतून आधी आला तो बडोद्याला, सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत. 1908 मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी त्याला बंगळूरला आणलं आणि 1956 मध्ये तो इथंच वारला. वर्षाच्या कुठल्याही महिन्यात शहरात कुठलं तरी झाड फुललेलं असावं, अशी लागवड त्यानं योजली असं म्हणतात. जानेवारीत गुलाबी टॅबेबुया, मग पिवळा, मग नीलमोहर, एप्रिलपासून गुलमोहर, सोनमोहर. त्यानं हे शहरभर केलं. मी म्हटलं, आपण अंगणात करू.

म्हणून कॅलेंडर घेऊन बसले. मार्च ते जून मोगरा. वळवाला पावसाची लिली आणि लाल चेंडू. पावसाळ्यात ब्रह्मकमळ आणि सोनचाफा. सप्टेंबरपासून पारिजातक. दसरा-दिवाळीला शेवंती. अबोली बाराही महिने, तिला कुणाची बरोबरी नाही. वास नाही हे खरं, पण पाण्यावाचून दोन दिवस वेणीत टिकते. बी गोळा करायचं तर शेंग वाळली की लगेच काढा, कारण पाण्याचा थेंब लागला की ती टचकन तडकते आणि बी लांब उडतं. विकत आणलं ते एकच झाड, पारिजातक. ते सासूबाईंचं नव्हतं. ते माझं. लॉनही अगदी सोडलं नाही. वेताच्या दोन खुर्च्यांपुरता तुकडा ठेवला आहे, पण तिथं साधी हरळी आहे.

ऑक्टोबरात कलम मोकळं झालं. कुरियरनं पाठवणं सोपं होतं. पण मी रात्रीच्या बसनं हुबळीला गेले, कुंडी मांडीवर घेऊन. कंडक्टरनं दोनदा ती खाली ठेवायला सांगितलं. वन्संनी दार उघडलं, माझ्याकडे न बघता आधी पेरं मोजली. मग मी पायरीवरच सगळं सांगून टाकलं. टेंपोचं, सिद्धापुरच्या रोपाचं, चोरून केलेल्या लबाडीचं. वन्सं म्हणाल्या, ‘ते मला तेव्हाच कळलं होतं. झाड गेल्याचं नाही वाटलं गं तेवढं. तू मला खोटं दिलंस, त्याचं वाटलं.’ आत जाऊन कॉफी टाकली. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

तर सांगलीच्या ताई, तुम्हाला माझं सांगणं एवढंच, की एक वर्ष कुदळ लावू नका. गवत हवं तर विळ्यानं कापा. पहिल्या वळवानंतर काय वर येतं ते बघा, प्रत्येक खुंटाला एक उन्हाळा पाणी घाला, आणि दारोदार जाऊन विचारा. नणंदा-जावांनाही विचारा, आधी त्यांनाच. आमच्याकडची लाल माती पाणी लगेच सोडते. तुमच्याकडे काळी असेल तर मोगऱ्याच्या मुळाशी पाणी साचून तो कुजेल. वाफा वीतभर उंच करा, मातीत वाळू आणि भरपूर शेणखत मिसळा. मोगऱ्याची छाटणी नोव्हेंबरच्या अखेरीस करा. आधी थोडे दिवस पाणी तोडा, मग गुडघ्याएवढा ठेवून वरचं सगळं छाटा. हात कचरतो, पण करा. त्याशिवाय मार्चला कळ्या नाहीत.

2025 च्या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी सातला वन्संचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. ‘वहिनी, तीन कळ्या आल्यात. पण टपोऱ्या नाहीत. तू खत काय घालतेस?’

मी म्हटलं, शेंगदाण्याची पेंड. मूठभर, दोन दिवस पाण्यात भिजवायची. वास येतो, तेव्हा न्हाणीघरात ठेवू नका. मग दहापट पाणी घालून पंधरवड्यातून एकदा. वन्सं म्हणाल्या, ‘थांब, पेन आणते.’